टेक्सासमधली ओपन कॅरी: कायदा कसा घडला, आज नियम काय आहेत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टेक्सासमध्ये कमरेला उघड पिस्तूल लावून माणूस दुकानात शिरतो, याचे महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या कुटुंबांना आश्चर्य वाटते. ही मोकळीक तिथे जुनी असेल अशी समजूत मात्र चुकीची आहे. ती २०१६ पासून परवान्यासह मिळाली आणि २०२१ पासून परवान्याशिवाय. त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे हँडगन उघड बाळगणे गुन्हा होता. हा बदल कसा झाला, कुठे अडला, आणि तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने काय लक्षात ठेवावे, याची उत्तरे खाली आहेत. स्वतःच्या प्रकरणासाठी वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल.

ओपन कॅरी म्हणजे नेमके काय?

हत्यार लोकांना दिसेल असे अंगावर बाळगून सार्वजनिक ठिकाणी वावरणे. शर्टाखाली किंवा पर्समध्ये झाकून नेले तर ती कन्सील्ड कॅरी. टेक्सासच्या कायद्यात हँडगन आणि लांब नळीची बंदूक यांत मोठा फरक आहे. रायफल किंवा शॉटगन खांद्याला लावून रस्त्याने जायला तिथे परवाना कधीच लागला नाही. अट एकच: लोक घाबरावेत अशा बेताने ती मिरवायची नाही. वाद होता तो हँडगनचा. खिशातल्या लहान पिस्तुलाला परवाना आणि खांद्यावरच्या रायफलला काहीच नाही, ही विसंगती पुढे आंदोलकांनी पुरेपूर वापरली.

काउबॉयच्या राज्यात पिस्तुलाला बंदी कशी काय होती?

यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८७१ साली, रिपब्लिकन गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या कारकिर्दीत पिस्तूल, खंजीर वगैरे अंगावर बाळगण्यावर बंदी आली. पुढे डेमोक्रॅट सत्तेवर आले, १८७६ ची नवी राज्यघटना आली, पण बंदी उठली नाही. त्या घटनेच्या पहिल्या प्रकरणातले २३ वे कलम नागरिकाला शस्त्राचा हक्क देते आणि त्याच वाक्यात गुन्हे रोखण्यासाठी शस्त्र अंगावर बाळगण्याचे नियमन करण्याचा अधिकार विधिमंडळाला देते. या वादातले दोन्ही पक्ष हेच वाक्य पुढे करतात. एक त्याचा पहिला अर्धा भाग, दुसरा उरलेला.

१९९५ साली काय बदलले?

१६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या ल्यूबीज कॅफेटेरियात एका बंदूकधाऱ्याने २३ जणांना ठार मारले. सुझॅना ग्राशिया हप यांचे आईवडील त्यात गेले. हप यांचे स्वतःचे रिव्हॉल्व्हर कायद्याला घाबरून बाहेर गाडीत ठेवलेले होते. ही साक्ष त्यांनी देशभर दिली आणि १९९६ मध्ये त्या टेक्सासच्या हाउसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात, निवडून आल्या.

१९९३ मध्ये झाकून हँडगन नेऊ द्यावी का यावर जनमत घेण्याचे विधेयक गव्हर्नर अॅन रिचर्ड्स यांनी नकाराधिकार वापरून फेटाळले. पुढच्या वर्षी त्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याकडून हरल्या. मे १९९५ मध्ये बुश यांनी सिनेटर जेरी पॅटरसन यांच्या एसबी ६० वर सही केली (एसबी म्हणजे सिनेटमध्ये मांडलेले विधेयक, एचबी म्हणजे हाउसमध्ये मांडलेले). परवाना घेऊन, पण झाकूनच, हँडगन नेता येऊ लागली. प्रशिक्षण तेव्हा १० ते १५ तासांचे होते, २०१३ मध्ये ते ४ ते ६ तासांवर आले. २००७ पासून स्वतःच्या गाडीत, नजरेआड ठेवलेल्या हँडगनला परवाना लागेनासा झाला.

मग उघड पिस्तुलाची मागणी २०१३-१४ मध्येच का पेटली?

मार्च २०१३ मध्ये टेम्पलजवळ सी. जे. ग्रिशम या लष्करी सार्जंटला मुलासोबत पायी फिरताना एआर-१५ रायफल अंगावर असल्यावरून अटक झाली. त्याचे चित्रीकरण पसरले आणि ‘ओपन कॅरी टेक्सास’ ही संघटना उभी राहिली. युक्तिवाद सोपा होता: पिस्तूल उघड नेऊ देत नाही ना, मग कायद्याने चालते ती रायफल घेऊन आम्ही बर्गर खायला जातो. २०१४ मध्ये अशा गटांचे फोटो पसरल्यावर चिपोटले ही खाणावळींची आणि टार्गेट ही दुकानांची साखळी, यांनी ग्राहकांना बंदुका न आणण्याची विनंती केली. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बड्या संघटनेनेसुद्धा या प्रकाराला विचित्र म्हटले आणि चारच दिवसांत शब्द मागे घेतले. डावपेच म्हणून हा प्रकार अर्धवट यशस्वी ठरला. विषय घरोघरी पोचला, पण जे आमदार एरवी मत देणारच होते तेही अवघडले.

१३ जानेवारी २०१५ रोजी, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, काही आंदोलक आमदार पोंचो नेवारेझ यांच्या कार्यालयात शिरले आणि निघायला तयार होईनात. दुसऱ्याच दिवशी हाउसने सदस्यांच्या कार्यालयांत धोक्याची सूचना देणारी बटणे बसवायला मंजुरी दिली.

टेक्सासचे विधिमंडळ कसे चालते, आणि विधेयक मरते कुठे?

अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारपासून १४० दिवस. हाउसमध्ये १५०, सिनेटमध्ये ३१ सदस्य. मे महिना संपत आला की एकेक मुदत उलटत जाते आणि वेळेत न पोचलेले विधेयक मतदान न होताच मरते. पुढची संधी दोन वर्षांनी.

बहुतेक विधेयके तीन ठिकाणी अडतात. पहिली जागा समिती: अध्यक्षाने सुनावणीच लावली नाही तर काही करता येत नाही. २०१३ चे ओपन कॅरी विधेयक समितीतच अडकले. दुसरी, नियमभंगाची हरकत: समितीच्या अहवालात कारकुनी चूक सापडली तरी विधेयक मागे पाठवता येते. २०१५ च्या एप्रिलमध्ये अशाच हरकतीने हाउसमधली चर्चा काही दिवस लांबली. तिसरी जागा सिनेटचा उंबरठा, आणि या लढ्यात तीच निर्णायक ठरली.

सिनेटचा उंबरठा म्हणजे काय?

सिनेटमध्ये अनेक दशके एक युक्ती चालत असे. कामकाजाच्या यादीत सर्वांत वर एक निरुपयोगी विधेयक ठेवायचे, ज्याला कुणी हात लावत नाही. मग दुसरे कुठलेही विधेयक घ्यायचे तर क्रम मोडावा लागतो आणि त्यासाठी हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात. म्हणजे ३१ पैकी २१.

२०१५ मध्ये रिपब्लिकन सिनेटर होते २०. एक कमी. त्याच जानेवारीत नवे लेफ्टनंट गव्हर्नर (सिनेटचे अध्यक्षपद याच पदाकडे असते) डॅन पॅट्रिक यांच्या पुढाकाराने उंबरठा तीन-पंचमांशावर, म्हणजे १९ वर आणला गेला. ओपन कॅरी सिनेटमधून २०-११ ने निघाले. जुना नियम असता तर ते चर्चेलाही आले नसते.

२०२१ मध्ये रिपब्लिकन १८ उरले होते. उंबरठा पुन्हा खाली आला, पाच-नवमांश, म्हणजे बरोबर १८. त्या वर्षी परवानामुक्त कॅरी १८-१३ ने मंजूर झाली. बंदुकीवरची भाषणे कितीही वाचली तरी दोन्ही कायद्यांचे गणित या दोन आकड्यांत सुटते. म्हणून अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मंजूर होणारे कंटाळवाणे नियमच आधी वाचावेत.

एचबी ९१० चा प्रवास कसा झाला?

सिनेटर क्रेग एस्टस यांचे एसबी १७ हे १६ मार्च २०१५ रोजी सिनेटने मंजूर केले. प्रत्यक्षात पुढे गेले ते मात्र शर्मनचे आमदार लॅरी फिलिप्स यांचे एचबी ९१०. हाउसने ते २० एप्रिलला ९६-३५ ने संमत केले. मोठ्या शहरांना बाहेर राहण्याची मुभा देण्याचा प्रयत्न फसला. मजकूर जुन्या परवान्यावरच बेतलेला होता: परवाना तोच, फक्त हँडगन झाकण्याची सक्ती जाणार, उघड असेल तर ती कमरेच्या किंवा खांद्याच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, हवी. होल्स्टरला कुलूपपट्टी असावी की नाही हे कायद्याने ठरवलेच नाही.

१७ मे रोजी वेको शहरात बायकर टोळ्यांच्या गोळीबारात नऊ जण मेले. त्याच आठवड्यात विधेयक सिनेटपुढे होते. २२ मे रोजी ते मंजूर झाले, पण हाउसच्या मसुद्याशी जुळत नव्हते. दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटी समितीने अंतिम मजकूर केला. २९ मे रोजी हाउसने तो १०२-४३ ने आणि सिनेटने २०-११ ने स्वीकारला. गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी १३ जूनला फ्लूगरविलमधल्या एका शूटिंग रेंजवर सही केली. अंमल १ जानेवारी २०१६ पासून.

त्याच दिवशी विद्यापीठांत परवानाधारकांना झाकून हँडगन नेऊ देणाऱ्या एसबी ११ वरही सही झाली. त्याचा अंमल १ ऑगस्ट २०१६ रोजी, ऑस्टिनच्या विद्यापीठातील टॉवरवरून झालेल्या १९६६ च्या गोळीबाराला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी, सुरू झाला. कॅम्पसवर हँडगन उघड दाखवणे तेव्हाही बेकायदेशीर राहिले आणि आजही आहे.

वाटाघाटी समितीपर्यंत वाद गेला कशावरून?

एका वाक्यावरून. आमच्या मते सगळ्या लढ्याचा गाभा हाच आहे.

प्रश्न असा: कमरेला पिस्तूल दिसले, बाकी काहीच संशयास्पद नाही, तर पोलिसाने थांबवून परवाना मागावा का? ह्यूस्टनचे डेमोक्रॅट हॅरल्ड डटन आणि अर्विंगचे कट्टर रिपब्लिकन मॅट रिनाल्डी यांनी मिळून दुरुस्ती आणली की केवळ तेवढ्यावरून थांबवता येणार नाही. डटन यांची चिंता ही की थांबवले जाणारे लोक प्रामुख्याने काळे आणि लॅटिनो असतील. रिनाल्डींच्या बाजूचा मुद्दा चौथ्या घटनादुरुस्तीचा: कायदेशीर गोष्ट करणाऱ्याला सरकार कारणाशिवाय अडवू शकत नाही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन गट एका ओळीसाठी एकत्र आले.

सिनेटच्या समितीने ती ओळ काढली. डलसचे डॉन हफाइन्स यांनी सिनेटच्या सभागृहात ती परत घातली. मग पोलीस संघटना सरसावल्या. त्यांचे म्हणणे: परवाना सक्तीचा, पण तो तपासायची मनाई, म्हणजे परवाना नसल्यातच जमा. सिनेटर जोन हफमन यांनी, त्या स्वतः पूर्वी सरकारी वकील होत्या, हाच आक्षेप घेतला. पोलीस संघटनांनी तर ओळ राहिली तर गव्हर्नरांनी विधेयक फेटाळावे अशी मागणी केली. शेवटच्या मसुद्यातून ती गेली आणि कायदा या प्रश्नावर गप्प राहिला.

पोलीस विरोधात का होते? ते तर बंदुकीचे समर्थक मानले जातात.

सगळे एका बाजूला नव्हते. ग्रामीण भागातल्या अनेक शेरीफांना हरकत नव्हती. मोठ्या शहरांचे पोलीसप्रमुख विरोधात होते. राज्यातल्या पोलीसप्रमुखांच्या संघटनेने घेतलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश विरोधात निघाले. कारण व्यावहारिक होते. गोळीबाराच्या ठिकाणी पोचलेल्या पोलिसाला हातात हत्यार असलेला माणूस हल्लेखोर की ग्राहक हे सेकंदांत ठरवावे लागते.

७ जुलै २०१६ रोजी डलसमध्ये ते घडले. मोर्चावर बंदोबस्ताला असलेल्या पाच पोलिसांना एका हल्लेखोराने ठार मारले. मोर्चात रायफली उघड बाळगणारे २० ते ३० जण होते आणि गोळीबार सुरू होताच ते पळाले. त्यांच्यापैकी एका निरपराध माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्ध केला. तो स्वतःहून पोलिसांकडे गेला, बंदूक सुपूर्द केली. हा प्रसंग बहुधा नव्या कायद्याच्या खात्यावर मांडला जातो, पण ते बरोबर नाही. त्या लांब बंदुका होत्या आणि त्या एचबी ९१० च्या आधीही कायदेशीर होत्या.

१ जानेवारी २०१६ नंतर रस्त्यावर काय बदलले?

विरोधकांनी भाकीत केलेला रक्तपात झाला नाही, आणि समर्थकांना हवे तसे दृश्यही रोजचे झाले नाही. तेव्हा ८ लाखांहून अधिक परवानाधारक होते, त्यांतले बहुतेक पूर्वीसारखे झाकूनच बाळगत राहिले. उघड हत्यार म्हणजे चोराला आधी कुणाकडून हिसकावायचे ते सांगणे, असे बरेच प्रशिक्षकही म्हणतात. व्हॉटाबर्गर आणि एच-ई-बी या टेक्सासच्या लाडक्या साखळ्यांनी आपल्या आवारात ओपन कॅरी नको असे जाहीर केले. खरा बदल दुकानांच्या दारांवर दिसला: पाट्या.

पाट्या कोणत्या, आणि चुकतात कुठे?

दंडसंहितेतल्या कलमांच्या क्रमांकांवरून त्यांची नावे पडली आहेत. ३०.०६ ची पाटी परवानाधारकाला झाकलेल्या हँडगनसह येण्यास मनाई करते. ३०.०७ ची पाटी परवानाधारकाच्या उघड हँडगनला. २०२१ नंतर तिसरी आली, ३०.०५ ची, परवाना नसलेल्यांसाठी. कुणीही कुठलेही हत्यार आणू नये असे वाटत असेल तर तिन्ही लावाव्या लागतात.

३०.०६ आणि ३०.०७ चा मजकूर कायद्यात शब्दशः दिलेला आहे. तो इंग्रजी व स्पॅनिश दोन्हींत, पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत हवा. त्यामुळे पाटी चांगलीच मोठी होते आणि काचेचे छोटे दार भरून जाते. ही अडचण विधिमंडळाला माहीत नव्हती असे समजायचे कारण नाही.

नेहमीच्या चुका अशा: लाल रेघ मारलेल्या पिस्तुलाचे चित्र लावून थांबणे (परवानाधारकावर त्याचा परिणाम शून्य), फक्त इंग्रजी मजकूर, लहान अक्षरे, मुख्य दारावर पाटी आणि पार्किंगकडच्या दारावर नाही. ३०.०७ साठी प्रत्येक प्रवेशद्वारावर पाटी आवश्यक आहे. पाटी नसेल तर तोंडी सांगितलेलेही चालते. पाटी असूनही आत शिरला तर परवानाधारकाला २०० डॉलरपर्यंत दंड. निघायला सांगूनही थांबला तर गुन्हा ‘अ’ वर्गाचा होतो, म्हणजे एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. दुकानदाराने वाद घालत बसू नये. एकदा स्पष्ट सांगावे, ऐकले नाही तर ९११.

सरकारी इमारतीवर अशी पाटी लावता येते का?

कायद्याने मुळात बंदी असलेल्या जागा सोडल्या तर नाही. २०१५ च्याच एसबी २७३ ने चुकीची पाटी लावणाऱ्या सरकारी संस्थेला पहिल्यांदा दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर आणि पुढच्या वेळी १०,००० ते १०,५०० डॉलर दंड ठेवला. नागरिकाने आधी त्या संस्थेला लेखी कळवायचे. तीन कामकाजाच्या दिवसांत चूक सुधारली नाही तर तो अॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, तक्रार करू शकतो.

जागा शहराची, भाडेकरू खाजगी, अशा वेळी गुंता होतो. डलसची राज्य जत्रा शहराच्या मालकीच्या मैदानात खाजगी संस्था भरवते. २०२३ मध्ये तिथे तीन जण गोळीबारात जखमी झाल्यावर २०२४ मध्ये संस्थेने हत्यारांना बंदी केली. अॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन कोर्टात गेले, पण जत्रा सुरू होण्याआधी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी रोखायला नकार दिला.

परवानामुक्त कॅरी २०१७ आणि २०१९ मध्ये का अडली?

दोन्ही वेळा विधेयक जॉनथन स्टिकलंड यांचे होते. २०१७ मध्ये ते समितीपलीकडे पोचले नाही. २०१९ च्या मार्चमध्ये एका बंदूकसमर्थक संघटनेचा कार्यकर्ता विधेयकाचा प्रचार करत हाउसचे सभापती डेनिस बॉनेन यांच्या लेक जॅक्सनमधल्या घरापर्यंत गेला. बॉनेन ऑस्टिनमध्ये होते, घरी पत्नी आणि मुले. बॉनेन यांनी ही धमकावणी आहे असे जाहीर सुनावले आणि विधेयकाची सुनावणीच झाली नाही. २०१५ च्या नेवारेझ प्रकरणाची ही जवळजवळ पुनरावृत्ती. आपल्याच बाजूच्या माणसाच्या दारात जाऊन विधेयक मारण्याचे कसब या चळवळीत काही जणांकडे होते.

मग २०२१ मध्ये ते झाले कसे?

मधल्या काळात एल पासो (३ ऑगस्ट २०१९, २३ मृत) आणि मिडलंड-ओडेसा (३१ ऑगस्ट, ७ मृत) इथले गोळीबार घडले होते. वॉलमार्टने ग्राहकांना ओपन कॅरी न करण्याची विनंती केली होती. वारे उलटे वाहील असे वाटत होते. पण २०२० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी हाउस टिकवले आणि टायलरचे मॅट शेफर यांचे एचबी १९२७ हे १५ एप्रिलला ८४-५६ ने पुढे गेले.

सिनेटमध्ये मते नाहीत असे खुद्द पॅट्रिक सांगत होते. मग दबाव वाढला, विधेयक एका खास समितीकडे पाठवले गेले, आणि ५ मे रोजी सर्व १८ रिपब्लिकन एकत्र आले. सिनेटने किंमत वसूल केली: गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने हत्यार बाळगले तर किमान ५ वर्षे कैद, शारीरिक इजा, दहशतीची धमकी अशा काही किरकोळ वर्गातल्या गुन्ह्यांत गेल्या पाच वर्षांत शिक्षा झाली असेल तर परवानामुक्त सवलत नाही. आणि पुन्हा तीच ओळ. केवळ हँडगन दिसली म्हणून पोलिसाने चौकशी करू नये, ही हाउसमध्ये घातलेली तरतूद सिनेटने काढली आणि ती शेवटपर्यंत परत आली नाही. २३ मे रोजी हाउसने ८२-६२, २४ मे रोजी सिनेटने १७-११ असा अंतिम मसुदा स्वीकारला. १७ जूनला अलामो या ऐतिहासिक वास्तूपुढे सहीचा सोहळा झाला, १ सप्टेंबरपासून अंमल.

गंमत अशी की ओळ काढूनही तिचे काम बरेचसे झाले. परवानाच सक्तीचा नसेल, तर नुसते होल्स्टर पाहून गुन्ह्याचा वाजवी संशय कशाचा घ्यायचा?

आज परवान्याशिवाय कोण आणि कसे बाळगू शकतो?

कायद्यातली वयाची अट २१ ची. १८ ते २० वयोगटाला वगळणे घटनाबाह्य आहे असा निकाल फोर्ट वर्थच्या संघीय न्यायाधीशांनी २५ ऑगस्ट २०२२ रोजी दिला आणि राज्याने अपील मागे घेतले. संघीय किंवा राज्य कायद्याने हत्यार बाळगण्यास अपात्र नसणे ही दुसरी अट. हँडगन उघड असेल तर होल्स्टरमध्येच. कमरेचे किंवा खांद्याचेच हवे ही जुनी अट गेली. दारूच्या नशेत घराबाहेर बाळगणे गुन्हा आहे.

बंदी असलेल्या जागा: शाळा, न्यायालये, मतदान केंद्रे, तुरुंग, विमानतळाचा सुरक्षित भाग, घोड्यांच्या शर्यतीची मैदाने, क्रीडा सामने, आणि ज्यांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते असे बार. अशा बारवर लाल रंगात ‘५१%’ लिहिलेली पाटी असते. तिथे चूक महागात पडते: २ ते १० वर्षे कैद होऊ शकते.

मग परवाना काढायचाच कशाला?

तीन कारणे. संघीय कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या आत हत्यार नेणे गुन्हा आहे. राज्याचा परवाना असलेल्याला सूट आहे, परवानामुक्ताला नाही. शहरात या वर्तुळांतून न जाता कुठेही पोचणे कठीण. दुसरे, इतर अनेक राज्ये टेक्सासचा परवाना मानतात. तिसरे, विद्यापीठात झाकून नेण्यासाठी तो लागतोच.

पद्धत: सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज आणि ४० डॉलर शुल्क (२०१७ पर्यंत १४० होते); वेळ ठरवून बोटांचे ठसे; ४ ते ६ तासांचा वर्ग आणि लेखी परीक्षा; मग रेंजवर ५० गोळ्यांची चाचणी. ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०. २५० पैकी १७५ गुण हवेत. वर्गाचा भाग ऑनलाइन चालतो, नेमबाजी मात्र प्रत्यक्षच. पहिला परवाना चार वर्षांचा, नूतनीकरण पाच वर्षांचे. पत्ता बदलला की ३० दिवसांत कळवावे. घर बदलताना हे हमखास राहून जाते.

मी एच-१बी वर आहे. परवानामुक्त कायदा मला लागू होतो का?

नाही, आणि मराठी कुटुंबांसाठी या पानावरचे हे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे. टेक्सासने दार उघडले तरी संघीय कायद्याचे दार बंदच आहे. एच-१बी, एच-४, एफ-१, बी-२ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा नुसत्या गोळ्याही जवळ ठेवता येत नाहीत. ‘जवळ ठेवणे’ यात मित्राची बंदूक रेंजवर हातात घेऊन चालवणेही येते. २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षे. शिवाय इमिग्रेशनचे नुकसान वेगळे. राज्याचा वैध शिकार परवाना हा एक प्रसिद्ध अपवाद आहे. त्यावर विसंबण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, रेंजच्या काउंटरवरच्या मुलाला नव्हे.

ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी नाही. तिथले रहिवासी म्हणून परवान्याचा अर्ज करायला सहा महिने राज्यात राहिलेले असावे लागते. गांजाचे सेवन करणाऱ्याला मात्र संघीय कायदा नागरिक असला तरी अपात्र ठरवतो.

भारतातला शस्त्रपरवाना तिथे चालतो का?

नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा पोलीस आयुक्तांनी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दिलेल्या परवान्याला तिथे अर्थ नाही.

आमच्या मंडळाचा गणेशोत्सव भाड्याच्या शाळेत असतो, पूजा मंदिरात. कुठे काय लागू?

शाळेची इमारत सुट्टीच्या दिवशीही बंदी असलेलीच जागा आहे, पाटी लागत नाही. पार्किंग त्यात येत नाही, म्हणून गाडीत ठेवून आलेला माणूस राज्याच्या या कलमाखाली दोषी ठरत नाही. तरीही आमंत्रणात एक ओळ घातलेली बरी.

मंदिराचे तसे नाही. सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमधल्या २०१७ च्या हत्याकांडानंतर, २०१९ च्या कायद्याने प्रार्थनास्थळे इतर खाजगी जागांसारखीच आहेत हे स्पष्ट केले. बंदी हवी तर विश्वस्तांनी वरच्या तिन्ही पाट्या लावायच्या. काहीच केले नाही तर हत्यार आणता येते. एखाद्या सदस्याला सुरक्षेसाठी परवानगी द्यायची असेल तर ती ठरावाने आणि लेखी द्यावी. हॉल भाड्याने घेतला असेल तर पाटी लावण्याचा अधिकार कुणाचा, हे करारातच लिहून घ्यावे.

गाडी चालवताना पोलिसाने थांबवले आणि गाडीत हँडगन असेल तर?

हात स्टीअरिंगवर, आतला दिवा सुरू, हालचाल सांगून करायची. परवानाधारकाने ओळखपत्र मागितल्यावर लायसन्ससोबत हँडगनचा परवानाही दाखवावा लागतो. परवाना नसलेल्यावर स्वतःहून सांगण्याची सक्ती नाही, पण विचारल्यावर खोटे बोलू नये. कागदपत्रे ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि हँडगनही तिथेच, ही मांडणी टाळा. गाडीत नजरेसमोर असेल तर ती होल्स्टरमध्येच हवी. नुसती सीटवर ठेवलेली चालत नाही. सुरक्षेसाठी गरज वाटली तर पोलीस ती तात्पुरती काढून घेऊ शकतो आणि अटक झाली नाही तर निघण्यापूर्वी परत देतो.